बोला, सर!

मी छान बोलतो. हे माझं मत नाही, अमरावती-अकोल्याच्या निम्म्या सूत्रसंचालकांचं आहे. (उरलेल्या निम्म्यांना आपण स्वतः छान बोलतो असं वाटतं.) माझा ‘ळ’ स्वच्छ. डोळ्याला मी डोया म्हणत नाही, केळ्याला केयं म्हणत नाही. पुण्यात कुणी ‘अहो, तुम्ही वऱ्हाडातले वाटतच नाही!’ म्हणालं की मी वरवर ओशाळतो आणि ते वाक्य अकोला येईपर्यंत चघळतो.

पण पाठोपाठ फर्माईश येतेच: ‘ते “वऱ्हाड निघालंय लंडनला”मधलं म्हणून दाखवा ना!’ आता लक्ष्मण देशपांडे मराठवाड्याचे, प्रयोगातली बोली मराठवाड्याची आणि त्यातलं वऱ्हाड म्हणजे लग्नाला निघालेली मंडळी. पूर्वी हे सगळं मी समजावून सांगत असे. हल्ली एक ‘काहून बे’ ठोकून देतो. लोक खो-खो हसतात, चहा बरा मिळतो. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली माणसं याच बोलीत बोलतात आणि त्यांचा संसार डोळ्यांदेखत होरपळत जातो. पण चहाबरोबर ‘धग’ कोण काढणार? मी तर नाहीच.

घरात मात्र माझ्या बोलण्याची किंमत वेगळी. आत्या विचारते, ‘काहून रे, बायकोले बोलला काय?’ म्हणजे रागावला काय. बोलणी खाण्याची सोय पुण्यातही आहे म्हणा, पण त्यावरचा उतारा आमच्याकडेच मिळतो: गोष्टी. ‘ये, बस, गोष्टी करू.’ परगावचा माणूस राजा-राणीची वाट पाहत बसतो आणि त्याला ऐकायला मिळतं बोंडअळी, आत्याचे गुडघे आणि कुणाच्या पोट्टीचं कुठं जमून रायलं. परवा माझं तासाभराचं व्याख्यान संपल्यावर आत्या म्हणाली, ‘लय बोलला बाप्पा. आता गोष्टी करशीन का?’

बोलीचा आणखी एक अर्थ माझा फार लाडका आहे आणि तो ऐकवल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही. बोली म्हणजे लिलावातली बोली. कापसाच्या या मुलखात, कारंज्याला, १८८६ साली देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस-धान्य बाजारांसाठी कायदाही आला. त्या काळी देशातल्या कितीतरी बाजारांत व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली हात घालत, एकमेकांची बोटं दाबत आणि भाव ठरत असे. याला हत्ता म्हणत. म्हणजे बोली आहे, पण बोलायचं नाही! व्याकरणाची पुस्तकं इथे हात टेकतात. लग्नाच्या पंगतीत मी हे प्रात्यक्षिकासह सांगतो, शेजाऱ्याचा हात रुमालाखाली घेऊन. एकदा नवरदेवाच्या मामांची बोटं जरा जोरात दाबली गेली. जिलबीच्या वाढपात ते मला वगळून पुढे सरकले.

पुढे उघड लिलाव आला, बोली मोठ्यानं लागू लागली. गाडीपाशी व्यापारी मूठभर कापूस उपसतो, धागा ताणून पाहतो, उरलेला खाली टाकतो आणि आकडा पुकारतो. ज्याचा माल तो बाजूला उभा. त्याची शेतातली बडबड आपण ऐकलेली असते, बैलाशीसुद्धा तो गोष्टी करतो. पण जिथे त्याच्या वर्षाचा भाव ठरतो तिथे सगळे बोलतात, तो नाही. त्यानं फक्त मान हलवायची. हा भाग मी पंगतीत सांगत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी मराठी भाषा गौरव दिन येतो आणि बोलीभाषा जगवायला माझी गरज भासते. यंदाही एका आयोजकाचा फोन आला.

‘सर, आपल्या वऱ्हाडीवर बोलाचं हाय. मानधनाचं कसं?’

‘छे हो, आपण द्याल ते!’ मी शुद्धात म्हणालो.

‘तसं नाई सर. तुमीच बोला.’

मनात आकडा तयार होता. त्यात ‘ळ’सुद्धा नव्हता, तरी तो घशातून वर येईना.

‘बोला ना सर, लाजून काहून रायले?’

मी फोनवर मान हलवली.

‘बरं, मंग शाल अन् नारयच धरतो.’