रा. रा. कॅमेरासाहेब यांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री कॅमेरासाहेब,
मुक्काम लोखंडी कपाट, वरचा खण, कोल्हापूर, यांचे सेवेसी

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मुंबईतील एका कलादालनात भरलेले आपले प्रदर्शन यथासांग पार पडले, आपला लौकिक चहूकडे झाला, आणि प्रेक्षकांपैकी बहुतेकांनी आपले घराणे, आपली किंमत व आपल्या भिंगाचे सामर्थ्य यांची सविस्तर चौकशी करून आपल्याविषयी आदर व्यक्त केला, हे वर्तमान कळविताना मला परम संतोष होत आहे. काचेच्या तसबिरींचा बोजाच एका माणसास अनावर असल्याने आपणांस मी सिलिका जेलच्या पुड्यांच्या सोबतीने कपाटात ठेवून गेलो होतो, ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही आली नाही. थोरांचे हेच लक्षण असावे की त्यांच्या गैरहजेरीतही सत्कार त्यांचाच होतो, आणि जो हजर असतो त्याने खुर्च्या उचलावयाच्या असतात.

गुमास्ता या नात्याने प्रवासाची कैफियत सादर करणे मला प्राप्त आहे. पुठ्ठा, बबल रॅप आणि सुतळी यांत जखडलेले गठ्ठे घेऊन मी रात्रीच्या गाडीत चढलो, तेव्हा समोरच्या बाकावरील एका वयोवृद्ध गृहस्थांनी त्या देवादिकांच्या तसबिरी आहेत असे समजून भक्तिभावाने पाय आखडून घेतले, आणि आत गुऱ्हाळाचे फोटो आहेत असा खुलासा होताच ते पूर्ववत लांब केले. जोडीने प्रवास करणाऱ्यास 'सामानाकडे लक्ष ठेव' एवढे म्हणून मिरजेच्या फलाटावर चहाला उतरता येते. एकट्याने निघालेल्यास मात्र ज्याच्या हवाली सामान करावे असा चेहरा अगोदर हुडकावा लागतो, आणि चेहरे न्याहाळणे हाच ज्याचा धंदा, त्याला तसा चेहरा संबंध डब्यात सहसा सापडत नाही. सबब मी चहावाचून मुंबईस रुजू झालो.

पुढे हमालीची घासाघीस, टॅक्सीच्या टपावर काच ठेवण्यास चालकाने घेतलेली रास्त हरकत इत्यादी बाबी जमाखर्चात पाहाव्यात. परंतु तसबिरी टांगण्याच्या कामाची तपशीलवार नोंद झालीच पाहिजे. तसबीर टांगणे हे वस्तुतः दोन माणसांचे काम आहे: एकाने शिडीवर चढून ती धरावी, आणि दुसऱ्याने दहा पावले मागे उभे राहून 'डावी बाजू किंचित वर' असा हुकूम सोडावा. एकट्या इसमास हे दोन्ही हुद्दे सांभाळावे लागत असल्यामुळे तो हुकूम सोडतो, शिडी चढून स्वतःच त्याची तामिली करतो, खाली उतरून तपासणी करतो, आणि आपल्याच कामगिरीवर प्रतिकूल शेरा मारून पुन्हा शिडीकडे वळतो. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे ५७ इंचांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या दृष्टीच्या टप्प्यात यावा, असा कलादालनांतील सर्वसाधारण प्रघात. तो पाळावा तर छताचा दिवा नेमका काचेत उतरून तसबिरीतील गूळ करणाऱ्या गुळव्याच्या कपाळावर ठाण मांडतो, आणि दिवा चुकवावा तर गुळव्या प्रेक्षकाच्या गुडघ्याशी येऊन बसतो. या वादाची मखलाशी होता होता उद्घाटनाची समई दालनात आलीही होती.

उद्घाटनप्रसंगी प्रमुख पाहुण्यांनी विज्ञानाच्या प्रगतीबद्दल समाधान व्यक्त करून, हल्ली अशी चित्रे कोणासही घेता येतात अशी मनमोकळी ग्वाही दिली. तदनंतर प्रेक्षकांचा ओघ सुरू झाला. वाफेने भरलेल्या गुऱ्हाळघरात कढत्या रसाकडे एकाग्र होऊन पाहणारा गुळव्या ज्या चित्रात आहे, त्याच्यासमोर एक सद्गृहस्थ बराच वेळ तल्लीन होऊन उभे होते. माझ्या अंतःकरणात आशेचा अंकुर फुटतो न फुटतो तोच त्यांनी वळून 'किती मेगापिक्सेल?' अशी पृच्छा केली. एका मातोश्रींनी आपल्या जावयाने अमेरिकेहून असाच कॅमेरा आणल्याचे सांगितले, परंतु त्यातून अशी चित्रे का निघत नाहीत याविषयी त्यांची काहीही तक्रार नव्हती. नातू मोठा झाला म्हणजे निघतील, असा त्यांचा भरवसा होता. भिंगाचा आकडा, उघडझापीचा वेग, आपणांस कोणत्या दुकानातून व किती सवलतीने आणले, या सर्व प्रश्नांची उत्तरे मी नम्रपणे देत गेलो. त्या गुळव्याचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी विचारले नाही. अभिप्रायवहीत एका रसिकाने 'कॅमेऱ्याचा दर्जा अप्रतिम' असे लिहून खाली ठळक सही केली आहे. ते पान मी आपल्या दफ्तरी दाखल करीत आहे.

साहेब, या लौकिकाने मला एका गोष्टीचे आश्चर्य वाटते. गुळव्या म्हणजे ज्याच्या शब्दावर काहील चुलवाणावरून उतरते तो माणूस. चुलवाणात चिपाड धडधडत असते, मळी काढून झालेली असते, रस घट्ट होत आलेला असतो, आणि हा गृहस्थ त्यातला थेंब गार पाण्यात टाकून दोन बोटांत त्याची गोळी होते की नाही एवढेच पाहतो. उतरण्यास उशीर झाला तर गूळ करपतो, घाई झाली तर ढेप धरत नाही. अशा रीतीने साधलेली ढेप बाजारात गेली असता, ती काहील कोणत्या कारखान्यात घडली आणि तिच्या पत्र्याची जाडी किती, अशी चौकशी करणारा व्यापारी आमच्या मुलखात अद्याप जन्मास यावयाचा आहे. उतरण्याची वेळ कोणी ओळखली हे गुऱ्हाळात लहान पोरासही कळते. कलादालनात मात्र तेच श्रेय बिनतक्रार काहिलीच्या खाती जमा होते.

अर्थात श्रेयावरचा आपला हा दावा नवा नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन होऊन डॉ. नारायण दाजींसारखे आमचे पूर्वसूरी आपल्या पूर्वजांची खिदमत करू लागले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८६२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाची व्यवस्था लागत असता, तेथील अधिकाऱ्यांनी छायाचित्रांची रवानगी यंत्रसामग्रीच्या वर्गात करण्याचे योजिले. छायाचित्रकारांनी तक्रार केली तेव्हा त्यांना स्वतंत्र वर्ग मिळाला. ललित कलांच्या पंक्तीस पाट मात्र मिळाला नाही. आपल्या घराण्याच्या इतिहासातील हा सुवर्णकाळच म्हटला पाहिजे. उलटपक्षी खेदाची गोष्ट अशी की, १८३९ साली फ्रेंच सरकारने दागेरची छायाचित्रणाची प्रक्रिया विकत घेऊन जगास खुली केली, तेव्हा सालीना ६,००० फ्रँकांचे निवृत्तिवेतन दागेरला आणि ४,००० फ्रँकांचे त्याचा भागीदार निएप्स याच्या चिरंजीवास मंजूर झाले. ज्या लाकडी पेटीने एवढा पराक्रम केला, तिच्या नावे एक छदामही निघाला नाही.

न्यायालयांनीही आपणांस निराशच केले आहे. नेपोलियन सरोनी या न्यूयॉर्कच्या छायाचित्रकाराने ऑस्कर वाइल्डची काढलेली एक तसबीर एका शिळाछाप कंपनीने परस्पर हजारोंच्या संख्येने छापून टाकली, आणि फिर्याद होताच, फोटो ही केवळ यंत्राची करामत असल्याने तिला कर्ताच नाही, असा बचाव केला. म्हणजे ते आपलेच वकीलपत्र होते! परंतु १८८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, वाइल्डला कसे बसवावे, वस्त्रे व पडदे कोणते निवडावेत, प्रकाश कोठे पडावा आणि छाया कोठे राहावी, हे सर्व सरोनीने योजिले, सबब कर्ता तोच. पुढे १९११ च्या ब्रिटिश कायद्याने मूळ निगेटिव्हची काच तयार होतेवेळी जो तिचा मालक, तोच कर्ता मानावा असे फर्माविले. म्हणजे पैसेवाल्याची सोय झाली, आपली नव्हे. आमच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने तर फोटो घेणारी व्यक्तीच कर्ता होय असे स्वच्छ लिहून आपली उरलीसुरली आशा मावळविली. अलीकडे इंडोनेशियातील एका माकडाने परक्याच्या कॅमेऱ्यावर स्वतःचा फोटो काढल्याचे प्रकरण अमेरिकेतील न्यायालयात गेले, आणि २०१८ साली अपील-न्यायालयाने असा दावा लावण्याचा अधिकार माकडास नाही असा निकाल दिला. माकडाच्या वतीने भांडावयास निदान एक संस्था तरी उभी राहिली. आपल्या वतीने केवळ प्रेक्षक आहेत.

तथापि लोकमत हे कायद्याहून श्रेष्ठ मानण्याची आमची परंपरा आहे. सबब मी या पत्रान्वये आपणांस कुलमुखत्यार नेमून या व्यवसायाचा संपूर्ण ताबा आपल्या हवाली करू इच्छितो. अटी किरकोळ आहेत.

एक. पुढील प्रदर्शनास आपण एकट्याने जावे. गठ्ठे, शिडी, हमाल, आणि आपण जेवावयास बाहेर पडताच नेमके येऊन जाणारे कलासमीक्षक, यांची वासलात आपणच लावावी.

दोन. हंगाम सुरू होताच पहाटेच्या थंडीत आपण गुऱ्हाळावर जाऊन बसावे, गरम रस प्यावा, ऊसदराच्या चर्चेत भाग घ्यावा, आणि गुळव्या आपल्यास विसरून कामाला लागेपर्यंत एकही चित्र न घेता परत यावे. हे किती दिवस करावे लागेल ते त्याच्या मर्जीवर आहे.

तीन. वाफेने भिंग झाकोळले असता ते पुसावे की तसेच राहू द्यावे, याचा निर्णय आपला आपण घ्यावा. सद्गृहस्थ ज्यापुढे तल्लीन झाले, ते चित्र न पुसता घेतलेले आहे.

चार. मराठवाड्यातून ऊसतोडीस आलेली एखादी बाई पोराला पाजीत असता आपल्याकडे पाहून पदर ओढून घेईल, त्या वेळी प्रकाश कितीही अनुपम असला, पार्श्वभूमी कितीही रेखीव असली आणि पारितोषिकाची खात्री कितीही असली, तरी आपण आपणहून डोळा मिटून घ्यावा. न घेतलेल्या चित्रांचे प्रदर्शन भरत नाही आणि त्यांबद्दल अभिप्रायवहीत कोणी अक्षरही लिहीत नाही. पण घेतलेल्या चित्रांत ती बाई व तिचे गणगोत आपणांस उभे राहू देतात, ते न घेतलेल्या चित्रांच्या जोरावर, हे आपल्या माहितीसाठी.

या चारही अटी मान्य असल्यास आपण या कागदाखाली स्वदस्तुर सही करून तो परत धाडावा, म्हणजे दुसऱ्याच दिवशी मी राजीनामा देऊन प्रेक्षकांत सामील होईन आणि आपली किंमत विचारीन. सही करणे काही कारणाने जमत नसल्यास तसदी घेऊ नये. चित्रांखाली ती आजवर मी करीत आलो आहे, तशीच पुढेही करीन.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
ज्याच्याकरवी आपण छायाचित्रे घेता, तो इसम