अमेरिकेत परिच्छेद लिहायला शिका: एका सत्रात, हमखास

सर्वप्रथम अभिनंदन. जोडीदारामुळे मिळालेल्या तुमच्या एच-फोर व्हिसावर नोकरीची परवानगी अजून आलेली नाही, शिकायला मात्र कुणाची हरकत नाही, ही बातमी गणपतीत कुणीतरी प्रसादाचा द्रोण हातात देताना तुम्हाला सांगितली आणि तुम्ही कॅलिफोर्नियातल्या घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात बेसिक इंग्लिशला नाव घालायचं ठरवलंत. पहिलं सरकारी कम्युनिटी कॉलेज इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ साली निघालं, आणि आज या संस्थांचं धोरण एकच: येईल त्याला घ्या. कट-ऑफ नाही, देणगी नाही, साहेबांची चिठ्ठी नाही. अकरावी प्रवेशाच्या तीन-तीन याद्या पाहिलेल्या माणसाला इथे सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखं वाटेल. सवय होते.

फीचं म्हणाल, तर राज्याच्या रहिवाशांना एका युनिटमागे ४६ डॉलर. क्रेडिट नको असेल तर इंग्रजीचे वर्ग फुकट. आता वही काढा.

१. आपली पातळी आपणच खाली आणा.

पूर्वी प्लेसमेंट टेस्ट असायची. २०१७ साली राज्याने कायदा केला आणि तिचं महत्त्व गेलं. आता नवशिक्यांना नमुन्याचे उतारे दाखवतात आणि विचारतात, हे वाचायला कितपत जमतं, असं लिहायला कितपत जमेल? म्हणजे परीक्षक तुम्हीच. इथे आपले संस्कार कामी येतात. तुम्ही एमएस्सी असाल, प्रबंध इंग्रजीत लिहिला असेल, तरी 'थोडंफार जमतं' यावरच खूण करा. 'काहीच अडचण नाही' या चौकटीकडे पाहूसुद्धा नका, लोक काय म्हणतील? या विनयाचं फळ पहिल्याच आठवड्यात मिळेल: तुम्ही मोठ्या वर्तुळात बसून 'धिस इज अ पेन' म्हणत असाल, आणि शिक्षिका 'गुड जॉब!' म्हणेल. लाजू नका. एमएस्सीला तरी असं कोण म्हणालं होतं?

२. शिक्षिकेला नावाने हाक मारा.

ती पहिल्या दिवशी फळ्यावर स्वतःचं नाव लिहून सांगेल, मला असंच म्हणा. आडनाव नाही, मॅडम नाही, ताईसुद्धा नाही. शब्द तुमच्या घशात अडकेल. सोपा उपाय आहे: हात वर करा आणि ती तुमच्याकडे पाहीपर्यंत गप्प बसा. अख्खं सत्र असं निभावता येतं.

तिला वर्गाबाहेर गाठायचं असेल तर स्टाफरूम शोधत फिरू नका, पार्किंगमध्ये जा. ती बहुधा तासांवर नेमलेली असते. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. मधल्या वेळात गाडीत बसून स्टिअरिंगवर वह्या तपासते. अशांना तिथे 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. महाराष्ट्रात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, घासलेल्या प्राध्यापकांना ही जात ओळखू येईल. एवढ्या प्रगत देशानेही ही पद्धत स्वीकारली, याचा अभिमान बाळगा.

३. व्याकरण पाठ करा, पटवून घेऊ नका.

बहुतेक वर्गांत बेटी अझर यांची पुस्तकं असतात: लाल सुरुवातीचं, काळं मधलं, निळं वरचं. तुम्ही अर्थात लाल. 'युनायटेड स्टेट्स'ला 'द' लागतो, इंडियाला लागत नाही. का, असं विचारलंत की शिक्षिका खिडकीबाहेर बघते. 'फर्निचर्स' आणि 'होमवर्क्स' हे शब्द बोलण्यातून आजच काढून टाका. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स' हे वाक्य मात्र जाणार नाही. मागच्या बाकावरचे सगळे मराठी, गुजराती आणि पंजाबी ते एका सुरात म्हणतात. जाऊ द्या.

एवढंच जपा: आपण स्वल्पविरामावर स्वल्पविराम देत वाक्य दादरला सुरू करून ठाण्याला उतरवतो. इथे तो गुन्हा आहे, त्याला 'कॉमा स्प्लाइस' म्हणतात. शंका आली की पूर्णविराम द्या.

४. आता परिच्छेद.

फळ्यावर हॅम्बर्गरचं चित्र निघेल. वरचा पाव म्हणजे टॉपिक सेंटेन्स, मधला ऐवज म्हणजे पुरावे, खालचा पाव म्हणजे समारोप. शाकाहारी असाल तर तसं वर्गात सांगत बसू नका, ते चित्र आहे.

विषय मिळेल 'माझा आवडता सण'. तुम्ही सवयीने सुरू कराल, ऑक्टोबर सरत आला की पहाटे अंगणात गारवा यायचा आणि आजी बंब पेटवायला... थांबा. समासात लाल शेरा येईल: टॉपिक सेंटेन्स कुठे आहे? दिवाळी अंकांवर वाढलेल्या माणसांना ही खोड असतेच. चौथ्या पानावर विषय आला तरी लेखकाने घाई केली असं त्यांना वाटतं. योग्य सुरुवात अशी करा: 'दिवाळी इज माय फेव्हरिट हॉलिडे फॉर थ्री रीझन्स.'

कारणं तीनच. दोन असतील तर तिसरं जन्माला घाला, चार असतील तर एकाचा बळी द्या. 'फर्स्ट, देअर आर मेनी लाइट्स. सेकंड, वुई ईट डिलिशस फूड. थर्ड, द होल फॅमिली कम्स टुगेदर.' प्रत्येकाला एकेक उदाहरण जोडा. यात नरकचतुर्दशीला पायाखाली चिरडलेलं कारीट कुठे बसवायचं, असं विचारू नका. कारीट समजावण्यात चार वाक्यं जातील, मग नरकासुर सांगावा लागेल, आणि त्या कडू फळाचा रस जिभेला का लावायचा हे तुम्हालाही धड माहीत नाही. वाटणीवरून भावाशी बोलणं तुटलं आणि तेव्हापासून भाऊबीज नकोशी होते, हे तर मुळीच लिहू नका. परिच्छेदात कल्पना एकच असते, आणि सण आवडतो असं तुम्ही पहिल्याच वाक्यात कबूल करून बसलात.

शेवटचं वाक्य म्हणजे पहिलंच वाक्य, कपडे बदलून: 'इन कन्क्लूजन, फॉर ऑल दीज रीझन्स, दिवाळी इज अ व्हेरी स्पेशल हॉलिडे टु मी.' मधल्या सहा वाक्यांत वाचणारा सगळं विसरला आहे, असं धरून चाला.

मांडणीत मात्र हयगय नको. टाइम्स न्यू रोमन, १२ पॉइंट, ओळींत दुप्पट अंतर, चारी बाजूंना एक इंच समास, पहिली ओळ अर्धा इंच आत. गुणांच्या तक्त्यात याला वेगळा रकाना असतो आणि पैकीच्या पैकी मिळण्याची खात्री असलेला तो एकच रकाना आहे.

५. एकमेकांचं तपासा.

याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. शेरा ठरलेला आहे: 'आय लाइक युअर पॅराग्राफ. मेबी ॲड मोअर डिटेल्स.' हाच शेरा तुम्हालाही मिळेल, रागावू नका. शेजारच्या व्हिएतनामी आजींनी तेत सणावर लिहिलंय, पलीकडच्या इराणी इंजिनिअरने नवरोजवर, हॉटेलच्या भटारखान्यातून थेट वर्गाला येणाऱ्या मेक्सिकन पोराने मृतांच्या दिवसावर. चारही परिच्छेदांत खाणं रुचकर आहे आणि कुटुंब एकत्र येतं. नावं काढून कागद पिसले तर आपला कुठला, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. म्हणजे वर्ग शिकला.

सुट्टीत सावध राहा. कॉफीच्या मशीनपाशी या आजी सांगायला लागतात, की तेतच्या दिवशी घरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं यावर वर्षाचं नशीब ठरतं, आणि म्हणून त्यांनी एकदा आपल्या कर्जबाजारी दिराला दाराबाहेर ताटकळत ठेवलं होतं. क्रियापदाचा काळ तीनदा बदलतो, 'द' कुठेच नसतो, आणि चौघंजण हातातली कॉफी विसरून ऐकत असतात. घंटा झाली की आजी आत जातात आणि 'सेकंड, वुई ईट डिलिशस फूड' पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवतात. त्या हुशार विद्यार्थिनी आहेत, त्यांचा कित्ता गिरवा.

६. दिवाळीची फाइल पुसू नका.

पास झालात की पुढच्या सत्रात पाच परिच्छेदांचा निबंध आहे. पहिला परिच्छेद म्हणजे तुमचं पहिलं वाक्य फुगवून, मधले तीन म्हणजे तीन कारणं फुगवून, शेवटचा म्हणजे पुन्हा पहिला. नवीन काही सुचावं लागत नाही. वसंत सत्राची नोंदणी बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरात सुरू होते आणि संध्याकाळचे वर्ग आधी भरतात, तेव्हा फराळाच्या गडबडीत तारीख विसरू नका.