हॉईल आणि विष्णू

पूर्णा जंक्शनवर अकोल्याचा फाटा फुटतो, तसा इथल्या संशोधकाच्या नावाला शोधनिबंधात फुटतो. गुणपत्रिकेवर बोर्ड आधी आडनाव छापते, मग नाव, मग वडिलांचे. परदेशी नियतकालिकाचा समज पक्का : शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. त्यामुळे संशोधन करते लेक, संदर्भसूचीत झळकतो बाप. लग्नानंतर नाव बदलले, की हा मान नवऱ्याकडे. त्याने प्रयोगशाळेचे दारही पाहिलेले नसते. उद्धरणे मात्र त्याचीच वाढतात.

बरे झाले, १९६४ साली कोणी ‘नारळीकर जयंत विष्णू’ असे गुणपत्रिकेच्या क्रमाने लिहिले नाही. नाहीतर गुरुत्वाकर्षणाचा हॉईल-नारळीकर सिद्धांत जगभर हॉईल-विष्णू सिद्धांत झाला असता. वडील विष्णू वासुदेव हेही सापेक्षतावादाचेच अभ्यासक, तेव्हा श्रेय निदान घरात राहिले असते. पण हा सिद्धांत मुळात पुराणातलाच, असे सांगणाऱ्यांची केवढी सोय झाली असती!

आता गोंधळ मिटवायला ऑर्किड (ORCID) आहे. २०१२ पासून ते संशोधकाला १६ अंकी ओळख क्रमांक देते. उत्तम उपाय. फक्त सुरुवातीला नोंदणी करताना एवढेच विचारत असे : पहिले नाव कोणते आणि शेवटचे कोणते?