युद्धोपयोगी ड्रॅगन : स्वरूप, संगोपन आणि दाणावैरण

खऱ्या युद्धाच्या तारखा, नकाशे आणि सेनापती जागच्या जागी ठेवायचे आणि त्यांच्या डोक्यावरून ड्रॅगन उडवायचे, हा इंग्रजी कादंबरीचा एक स्वतंत्र प्रकार आहे. संपूर्ण काल्पनिक जगातले ड्रॅगन यात मोडत नाहीत. अ‍ॅन मॅकॅफ्रीच्या पर्न ग्रहावरच्या किंवा जॉर्ज मार्टिनच्या वेस्टरॉसमधल्या ड्रॅगनांना सनावळीचा जाच नाही. ऐतिहासिक ड्रॅगनाला तो आहे. १८०५ साली त्याला इंग्लंडच्या किनाऱ्यावर पहारा द्यावा लागतो, १८०६ साली येनाला प्रशियाचे पानिपत बघावे लागते आणि १८१२ साली रशियाच्या बर्फात कुडकुडत नेपोलियनची पाठ धरावी लागते.

या प्रकारातला प्रमाणग्रंथ म्हणजे नाओमी नोविक या अमेरिकन लेखिकेची ‘टेमेरेअर’ मालिका. तिच्या नऊ कादंबऱ्या २००६ ते २०१६ या काळात निघाल्या. पहिल्या तीन तर २००६ या एकाच वर्षात. लेखिकेने इंग्रजी साहित्याबरोबर संगणकशास्त्राचाही अभ्यास केला आणि कादंबरीकडे वळण्यापूर्वी एका संगणकीय खेळावर काम केले. पॅट्रिक ओब्रायनच्या नौदलकथांचा तिच्यावर मोठा प्रभाव आहे. त्या कथांमधली शिस्त, अदब आणि सतत दाटलेले दुःख तिने जहाजावरून उचलून आकाशात नेले.

कथेचा आरंभ मदेराजवळच्या समुद्रात होतो. ‘रिलायंट’ या ब्रिटिश युद्धनौकेचा कप्तान विल्यम लॉरेन्स एक फ्रेंच जहाज पकडतो. त्यावर एक मोठे अंडे सापडते. चीनच्या सम्राटाने नेपोलियनला पाठवलेली ही भेट वाटेतच फुटायला आली आहे. पिल्लू बाहेर येताच त्याला खोगीर चढवणारा माणूस तयार हवा, नाहीतर ते रानटी होते. म्हणून अधिकाऱ्यांत चिठ्ठ्या टाकल्या जातात. चिठ्ठी एका पोरसवदा अधिकाऱ्याच्या नावाने निघते. पिल्लू मात्र त्याच्याकडे ढुंकूनही न बघता थेट लॉरेन्सपाशी येते आणि त्याच्या कपाळावरच्या आठीची चौकशी करते. ड्रॅगन अंड्यातून बोलतच निघतात. टरफलाआडून जी भाषा कानावर पडली ती त्यांना येते.

वाचकाच्या अहंकाराला पहिले खतपाणी मिळते ते या प्रसंगात. चिठ्ठी दुसऱ्याची निघाली तरी पिल्लू आपल्याकडेच आले असते, अशी प्रत्येक वाचकाची खात्री असते. प्रस्तुत लेखकाची ती फार जुनी आहे, आणि तिला आधारही आहे : कपाळावरच्या आठ्यांच्या बाबतीत तो कोणत्याही नौदलाला पुरून उरेल. हाच लेखक खंबाटकी घाटात एसटीच्या खिडकीशी बसून नाकाला लिंबू लावतो, ही बाब तो विचारात घेत नाही. वीस टनांच्या प्राण्याच्या मानेवर बसून ढगांत कोलांट्या घेण्याचा आणि घाटातल्या मळमळीचा काही संबंध आहे, असे त्याला वाटत नाही. लिंबू ही तात्पुरती तडजोड, आकाश हा जन्मसिद्ध हक्क.

एवढा अवजड प्राणी उडतो कसा, याचा खुलासा पहिल्या कादंबरीच्या परिशिष्टात आहे. सर एडवर्ड हाऊ या काल्पनिक पंडिताच्या काल्पनिक ग्रंथातले ते उतारे असून ड्रॅगनाच्या देहातल्या हवेच्या पिशव्या त्याला तोलून धरतात, असे त्यांत सांगितले आहे. जातींची वर्णनेही तशीच तपशीलवार आहेत. रीगल कॉपर सर्वांत अवजड. विंचेस्टर चिमुकला आणि चपळ, म्हणून टपालाचा. लाँगविंग आम्ल थुंकणारा. टेमेरेअर हा चिनी सेलेस्टियल आहे. त्याची गर्जना जहाजे फोडते, आणि फावल्या वेळात तो लॉरेन्सकडून न्यूटन वाचून घेतो. बहुतेक वाचक हा वाचनाचा भाग चाळून पुढे जातात, कारण आकलनाच्या शर्यतीत ड्रॅगन पुढे गेलेला त्यांना सोसत नाही.

हवाई दलाची व्यवस्था जहाजाच्या धर्तीवर आहे. पाठीवर बंदूकधारी, बॉम्ब टाकणारे, टेहळे, निशाणवाले. प्रत्येकजण चामडी पट्ट्यांनी जखडलेला. जमिनीवर खोगीरवाले आणि वैद्य. प्रशिक्षण स्कॉटलंडमधल्या लॉक लॅगनला, आणि तिथला मुख्य शिक्षक स्वतः ड्रॅगनच. लाँगविंग जातीला स्त्री कप्तानच लागते, त्यामुळे कॅथरिन हारकोर्टसारख्या बायका लिलीसारख्या ड्रॅगनांवर स्वार होऊन लढतात आणि सरकार ही गोष्ट सभ्य समाजापासून लपवून ठेवते. सभ्य समाजाला या दलाचे एकूणच वावडे आहे. नौदलातून हवाई दलात गेल्यामुळे लॉरेन्सवरची वडिलांची मर्जी जाते आणि ठरल्यात जमा असलेले लग्नही मोडते.

ड्रॅगन गाई आणि मेंढरे खातात, आणि खरा विषय इथे सुरू होतो. पन्नास ड्रॅगनांची फौज म्हणजे आधी चालत्या गुरांचा कळप आणि मग फौज. त्या कळपाला चारा, चाऱ्याला गाड्या, गाड्यांना बैल, आणि बैलांना पुन्हा चारा. दुसऱ्या कादंबरीत टेमेरेअर चीनला जातो, तिथे ड्रॅगनांना शिजवलेले अन्न मिळते, आणि तिथून लॉरेन्स गाँग सू हा आचारी बरोबर आणतो. मांसात धान्य घालून ते पुरवायचे कसे, हे तो युरोपला शिकवतो. नऊ कादंबऱ्यांतला सर्वांत दुर्लक्षित सेनापती हाच, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या मताला ऐतिहासिक पुरावा आहे. पाचव्या कादंबरीत नेपोलियन इंग्लंडवर उतरतो आणि बचावाची सूत्रे वेलस्लीकडे येतात. पुढे वेलिंग्टन झाला तोच हा आर्थर वेलस्ली. याने युद्ध शिकले दख्खनमध्ये. १७९९ साली टिपू पडल्यावर म्हैसूरचे अमृतमहाल जातीचे बैल इंग्रजांच्या हाती आले आणि त्यांचे मोल या माणसाने ओळखले. त्याचा त्या काळातला पत्रव्यवहार बैलांनी भरलेला आहे. बैल किती आहेत, किती चालतील, कोणी पळवले, बंजाऱ्यांचे धान्याचे तांडे कुठवर आले. ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला, २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव आणि १५ डिसेंबरला गाविलगड. ही सगळी चाल बैलांच्या पायांनी झाली. गाविलगडाला तर तोफा डोंगरातून ओढून वर चढवाव्या लागल्या.

असईला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज कैलना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात उभी होती. तिच्याबरोबर शंभराच्या आसपास तोफा. नदीला उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. समोरासमोरच्या काठांवर दोन गावे दिसताच वेलस्लीने ताडले की मधे उतार असणारच, आणि तो निघाला. मराठ्यांच्या तोफांनी इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल लोळवले. तोफा मागेच राहिल्या आणि पायदळ त्यांच्याविना पुढे गेले. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांवर गेले.

या लढाईत मराठ्यांच्या बाजूने एक ड्रॅगन घालायचा, या एकाच कल्पनेवर प्रस्तुत लेखकाची नियोजित कादंबरी उभी आहे. तिचे मलपृष्ठावरचे छायाचित्र काढून झाले आहे : हनुवटी हातावर, नजर आकाशाकडे. मजकुराचे काम मात्र अंड्यापाशी अडले आहे. ते अंडे पुण्याला पोचते १८०२ च्या अखेरीस, आणि ते कोणाचे यावर शिंदे, होळकर आणि भोसले यांच्या वकिलांची बोलणी सुरू होतात. दुसरा बाजीराव ३१ डिसेंबरला वसईला इंग्रजांशी तह करतो, बोलणी चालूच. होळकर रुसून माळव्याकडे निघतात, बोलणी चालूच. ड्रॅगन टरफलातून ऐकलेली भाषा शिकतो, हा नोविकचा नियम लेखकाने इमानाने पाळला. परिणामी पिल्लू अंड्याबाहेर येते आणि पहिलेच वाक्य उच्चारते : “आमच्या मानाचं काय ठरलं?”

दुसरी अडचण पगाराची. मराठी फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई आणि बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. ड्रॅगनाचा कप्तान या दोहोंत कुठे बसवायचा? लेखकाने स्वतःला अर्थातच शिलेदार धरले होते. परंतु चीनहून परतलेला टेमेरेअर वेगळा हिशेब मांडतो. चीनमध्ये ड्रॅगन रस्त्याने हिंडतात, वाचतात, पैसे बाळगतात. मग इंग्लंडच्या ड्रॅगनाने खड्ड्यात का झोपायचे आणि फुकट का लढायचे? तो वेतन मागतो, निवारा मागतो, आणि पुढे पैदाशीच्या आवारातल्या ड्रॅगनांची पलटण उभी करून स्वतः तिचे नेतृत्व करतो. म्हणजे जनावर त्याचे स्वतःचे, शस्त्र त्याचे स्वतःचे आणि पगारही त्याचाच. या व्यवस्थेत शिलेदार ठरतो तो ड्रॅगन. मानेवरचा माणूस बारगीर, तोही ड्रॅगनाच्या पागेतला. लेखकाने छायाचित्र बदललेले नाही.

मालिकेचे वजन याच हिशेबात आहे. चौथ्या कादंबरीत ब्रिटिश ड्रॅगनांत साथ पसरते. दक्षिण आफ्रिकेतल्या एका अळंबीत औषध सापडते आणि सरकार ठरवते की फ्रान्सच्या ड्रॅगनांना साथ लागू द्यावी, औषध देऊ नये. लॉरेन्स आणि टेमेरेअर ते औषध शत्रूला नेऊन देतात. हा राजद्रोह आहे, आणि त्याची पुरती किंमत ते मोजतात.

तरी सर्वांत जिव्हारी लागते ते पहिल्याच कादंबरीतले लेव्हिटासचे प्रकरण. लेव्हिटास हा टपालाचा विंचेस्टर, आणि त्याचा कप्तान रँकिन हा पिढीजात उड्डाणवाल्यांच्या घराण्यातला. रँकिन त्याला वापरतो आणि सोडून देतो. खोगीर निघत नाही, अंगावरची घाण धुतली जात नाही, आणि लेव्हिटास प्रत्येक वेळी कप्तान येईल म्हणून वाट बघतो. खोगीरवाल्यांतला हॉलिन नावाचा एक साधा माणूस मग त्याला धुऊ लागतो. रक्ताळलेला लेव्हिटास शेवटी कप्तानाला बघायला मागतो, तेव्हा लॉरेन्सला रँकिनला खेचून आणून दोन बरे शब्द बोलायला लावावे लागते. दोन शब्द, तेवढ्यावर तो प्राणी समाधानाने मरतो. आग, आम्ल आणि गर्जनेने भरलेल्या कादंबरीत इतका संताप दुसऱ्या कुठल्याच पानावर येत नाही.

संताप ड्रॅगनापुरता राहत नाही, हे या प्रकारच्या लेखनाचे खरे काम. वॉटर्लूला वेलिंग्टनला वाहून नेणारा कोपनहेगन घोडा १८३६ साली मेला, तेव्हा त्याला लष्करी इतमामाने पुरले. असईला ज्यांना तोफांनी लोळवले ते बैलही कोणाच्या तरी हाकेला मान वळवत असणार. त्यांचे गाडीवान कोण होते, जोडी गेल्यावर ते घरी कसे पोचले, हे इतिहासाने विचारले नाही आणि ऐतिहासिक कादंबरीनेही क्वचितच विचारले. तिला सेनापती लागतो, त्याचा घोडा लागतो आणि घोड्याचा रंग लागतो. वैरण कोणी आणली, हा प्रश्न तिला क्षुद्र वाटतो.

मालिकेत तर्काच्या फटीही आहेत. हजारो वर्षे ड्रॅगन असूनही जगाने नेमका तोच नेपोलियन आणि तोच नेल्सन जन्माला घातला, हे पटायला सद्भावना लागते. मात्र युरोपबाहेर नकाशा बदलतो : इंका साम्राज्य टिकून आहे आणि आफ्रिकेतले त्स्वाना आपल्या ड्रॅगनांसह गुलामांच्या व्यापाराची बंदरे उद्ध्वस्त करतात. टेमेरेअर चीन, तुर्कस्तान, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील, जपान, रशिया एवढे हिंडतो. नऊपैकी एकाही कादंबरीचे कथानक मात्र भारतात घडत नाही. मराठी वाचकाला ही गोष्ट खटकते आणि लेखकाला ती सोयीची वाटते. पीटर जॅक्सन या दिग्दर्शकाने २००६ साली चित्रपटाचे हक्क घेतले होते; चित्रपट निघाला नाही. कारण खर्चाचे असावे, म्हणजे पुन्हा वैरणीचेच.

कप्तान निवडण्याचा नियम मालिका पहिल्याच कादंबरीच्या अखेरीस सांगून मोकळी होते. विंचेस्टर जातीचे नवे पिल्लू मिळते ते हॉलिनला. घराणे नाही, रुबाब नाही, कपाळावर विशेष आठीही नाही. त्याने दुसऱ्याचा ड्रॅगन धुतला होता, एवढेच. या नियमाला अनुसरून असईच्या नियोजित कादंबरीचा नायक बदलण्यात आला आहे. आता तो तोफेच्या बैलांचा गाडीवान असून पहिले प्रकरण दाणावैरणीच्या हिशेबाने सुरू होते. या नव्या नायकाशी प्रस्तुत लेखकाचे साम्य पूर्वीपेक्षा अधिक आहे, असे जाणकार सांगतात. बैलगाडीत त्याला मळमळत नाही.