रामाप्रमाणे चालणारे शब्द

संस्कृतच्या वर्गात एकदा ‘राम’ चालवता आला की ‘गज’ चालतो, ‘बालक’ही चालतो. ‘रामः रामौ रामाः’ घोकून घ्यायचं, की अकारान्त पुल्लिंगी शब्दांची पलटण त्याच्या मागोमाग निघते. या पुढे चालणाऱ्या रामाला युरोपातले व्याकरणकार पॅराडाइम म्हणत. लॅटिन शिकणाऱ्या पोरांच्या नशिबी ‘अमो, अमास, अमात’ होतं. बरीच वर्षं हा शब्द असा शाळेच्या बाकावर गुमान बसलेला होता.

त्याला उठवलं थॉमस कुन यांनी. कुन मूळचे पदार्थविज्ञानाचे, पुढे विज्ञानाच्या इतिहासात रमले. १९६२ साली त्यांचं ‘द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रेव्होल्यूशन्स’ आलं. त्यांचं म्हणणं असं, की शास्त्रज्ञसुद्धा आधी सोडवून दाखवलेली उदाहरणं, म्हणजे त्यांचे पॅराडाइम, गिरवूनच शास्त्रज्ञ होतात. मग त्याच धर्तीवर पुढची कोडी सोडवत बसतात. काही कोडी सुटत नाहीत. ती बाजूला ठेवतात. अशी अडगळ फारच साठली, की कधीतरी कोपर्निकससारखा कुणी येतो आणि पृथ्वीलाच मधून उठवून सूर्याला तिथे बसवतो. हीच ती ‘पॅराडाइम शिफ्ट’. ‘अमो, अमास’चा दाखला कुननी पुस्तकात स्वतःच दिलाय, आणि लगेच बजावलंय की विज्ञानातला पॅराडाइम नुसता गिरवायचा नसतो, कोर्टाच्या जुन्या निवाड्यासारखा तो नव्या खटल्यात नव्याने लावून पाहायचा असतो.

हे सगळं छानच. पण मार्गारेट मास्टरमन या केंब्रिजच्या विदुषीने पुस्तक बारकाईने वाचलं आणि कुननी हा शब्द एकवीस निरनिराळ्या अर्थांनी वापरल्याचं दाखवून दिलं. बाई टीकाकार नव्हत्या बरं का, कुनच्या बाजूच्याच होत्या! सात विभक्ती, तीन वचनं. संबोधन सोडलं तर रामाचीही रूपं एकवीसच भरतात. राहिलेलं संबोधन पुढे मॅनेजमेंटवाल्यांनी पुरं केलं: हे पॅराडाइम!

कुननी १९६९ साली पुस्तकाला पुरवणी जोडून अर्थ आवरायचा प्रयत्न केला, वेगळे शब्दही सुचवले. पण तोवर पाखरू उडालं होतं. आता साबणाचं वेष्टन बदललं तरी पॅराडाइम शिफ्ट होते, आणि सोसायटीच्या सभेत पार्किंगचे पट्टे तिरके आखले तरी होते.

मला स्वतःला कुनच्या पुस्तकातला पत्त्यांचा प्रयोग सर्वांत आवडतो. ब्रूनर आणि पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना क्षणभर पत्ते दाखवले. त्यात लाल रंगाची इस्पिक छक्की आणि काळी बदाम चौकी हळूच सरकवली होती. बहुतेकांनी न अडखळता नेहमीच्याच पत्त्याचं नाव सांगितलं. पत्ता जास्त वेळ दाखवला तेव्हा गडबड सुरू झाली. काहींना तर शेवटपर्यंत काय चुकतंय ते कळेना आणि ते चक्क वैतागले. पॅराडाइमच्या आत बसलेल्या माणसाला पॅराडाइम दिसत नाही, तो हा असा. त्यामुळे शिफ्टची तारीख आणि वेळ सांगून चहा-बिस्किटांसह निमंत्रण आलं, की मला शंकाच येते.

तेव्हा पुढच्या सभेत कुणी ‘पॅराडाइम शिफ्ट’ म्हणालंच, तर अगदी नम्रपणे एवढंच विचारा: साहेब, ‘कुठून कुठे’ ते सांगता का?