छान आलाय फोटो!

पिसाचा कलता मनोरा हाताने सावरून धरल्याचा फोटो काढायला दोन माणसं लागतात. एक धरणारा आणि दुसरा ओरडणारा. ‘अजून डावीकडे. अहो, तुमचं डावीकडे नाही, माझं डावीकडे! आता हात वर. एवढा नाही!’ एवढ्या झटापटीनंतर जो फोटो निघाला, त्यात आमच्या टूरमधले सोलापूरचे निवृत्त बँकवाले काका घाम गाळत हवा ढकलताहेत आणि मनोरा त्यांच्या हातापासून वीतभर लांब, आपला आपण कललेला उभा आहे. प्रत्यक्षात हा मनोरा १९९० साली लोकांसाठी बंद करून, उत्तरेकडच्या बाजूची माती काढून तज्ज्ञांनी सावरला आणि २००१ साली पुन्हा उघडला. पण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं श्रेय गेलं काकांना. ‘काका होते म्हणून वाचला!’ ‘या वयात ही ताकद!’ ‘एकच नंबर!!’ शिवाय हात जोडणारे, टाळ्या पिटणारे आणि डोळ्यांत पाणी येईतो हसणारे पिवळे चेहरे वेगळेच.

टूर संपली की टूरचा ग्रुप खरा जागा होतो. गंमत अशी की फोटो टाकणारे आणि बघणारे सगळे एकाच बसमधून एकाच जागी उतरलेले. आयफेल टॉवरखाली एकमेकांचे मोबाइल आलटूनपालटून धरत सगळ्यांनी तोच फोटो काढलेला. तरी नागपूरच्या काकूंचा आयफेल पाहून नाशिकच्या काकू विचारतात, ‘अय्या, हा कुठून काढलात?’ वास्तविक तो त्यांनीच काढून दिलेला असतो.

कौतुक करतानाही मराठी माणूस मोजपट्टी खाली ठेवत नाही. स्वित्झर्लंडमधला राइनचा धबधबा १५० मीटर रुंद आणि २३ मीटर उंच. त्याच्या फोटोखाली साताऱ्याच्या एका गृहस्थांनी लिहिलं, ‘छान. पण आमचा ठोसेघर याहून उंच.’ ब्रसेल्सचा तो जगप्रसिद्ध शू करणाऱ्या पोराचा पुतळा जेमतेम अर्ध्या मीटरचा. त्याला एकमुखाने ‘एवढासाच?’ मिळालं. मोनालिसाचं चित्र ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं, त्यामुळे फोटोत मुख्यतः पुढच्यांची डोकी आणि वर धरलेले मोबाइलच दिसतात. कडेला आमच्या टूरमधल्या एक वहिनी उभ्या होत्या. कोणीतरी लिहिलं, ‘काय गोड हसू आहे!’ वहिनींनी ‘थँक्यू’ म्हटलं. लिओनार्दोतर्फे कोणीच काही बोललं नाही.

तेच फोटो घरच्या ग्रुपवर टाकले की प्रतिक्रिया वेगळ्या. तिथे ‘खर्च किती आला?’ आणि ‘जेवणाचे हाल झाले असतील ना?’ हे दोन प्रश्न ठरलेले. युंगफ्राउयोखचा, ३,४५४ मीटरवरच्या बर्फातला फोटो पाहून मावशीने विचारलं, ‘आतून स्वेटर घातलायस ना?’ तेव्हा मी पुण्यात, पंख्याखाली बसलो होतो.

टूरच्या ग्रुपवरचा व्यवहार मात्र आहेरासारखा चालतो. ज्यांनी आपल्या फोटोला ‘अप्रतिम’ दिलं, त्यांच्या फोटोला निदान ‘अप्रतिम’ तरी परत करायचं. ‘छान’वर भागवलं तर तिकडे मनात नोंद होते. नुसता अंगठा म्हणजे रिकामं पाकीट. आणि निळ्या खुणा उमटूनही जे गप्प राहतात, त्यांच्याविषयी ‘बरे आहेत ना ते?’ अशी चौकशी सुरू होते.

खरी टूर काही एवढी गोड नव्हती. खिडकीच्या सीटवरून दोन कुटुंबं ॲमस्टरडॅमपासून इन्सब्रुकपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हती. टूर मॅनेजरने रोज सीट बदलायचा नियम काढला, तर मागे बसायची पाळी येताच एकाची कंबर धरली आणि दुसऱ्याचा गुडघा. एक जोडपं दर ठिकाणी बसपाशी उशिरा यायचं आणि सगळी बस टाळ्या वाजवून त्यांचं स्वागत करायची. त्या टाळ्यांत प्रेम नसायचं. आज तेच जोडपं ल्यूसर्नच्या लाकडी पुलावरचा फोटो टाकतं आणि खाली धडाधड येतं, ‘तुमच्यामुळेच तर मजा आली!’ हे खोटंही नसतं. कंबर, गुडघा आणि खिडकी फोटोत येत नाहीत; पूल तेवढा येतो, आणि ज्यापायी सगळी बस ताटकळली तो पूल आता सगळ्यांनाच आपला वाटतो. म्हणजे पैसे भरून केलेली टूर एक, आणि घरी आल्यावर एकमेकांना ‘वा वा’ करत सगळ्यांनी मिळून केलेली दुसरी. दुसरी जास्त चांगली झाली, शिवाय तिला जीएसटीही लागला नाही.

पूर्वी प्रवास लोकांपर्यंत पोचायला वेळ लागायचा. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत झाशीत अडकले, जीव वाचवून परत आले. आणि त्यांचं ‘माझा प्रवास’ हे पुस्तक छापून आलं १९०७ साली. पन्नास वर्षं! आमच्या ग्रुपवर पन्नास सेकंद कोणी बोललं नाही तर मेसेज येतो, ‘फोटो दिसतोय ना सगळ्यांना?’

परवा रात्री अकराला खिडकीवाल्या दोन कुटुंबांपैकी एकाने फोटो टाकला. युंगफ्राउयोखवर बाकरवडी खाताना माझा कोणीतरी काढलेला फोटो, ज्यात माझे डोळे मिटलेत, तोंड उघडं आहे आणि आल्प्स कापले गेलेत, त्याला याच गृहस्थांनी ‘लाजवाब’ दिलं होतं. परतफेड बाकी होती. मी ताबडतोब लिहिलं, ‘अप्रतिम! काय टिपलंय!’ आणि मग फोटो उघडला.

पुढे त्यांचा अंगठा होता आणि मागे, बहुधा, ऑस्ट्रिया.