पानशेतचे काका, कोयनेची आत्या

आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे आणि आमच्या घरात आत्याआजी आहे. दोघांचं पटत नाही.

कुलवृत्तांत असतो तिच्याच कपाटात, खाकी कव्हर घालून, लुगड्यांच्या घडीत. शेजारी बारकं पेन्सिलीचं थोटूक. 'निपुत्रिक वारले' असं छापलंय तिथे समासात तिने लिहिलंय, 'वारले कसले, नाटक कंपनीबरोबर गेले.' एका पूर्वजांच्या 'स्वभावाने शांत' या वर्णनाखाली दोन रेघा आणि उद्गारचिन्ह आहे. ते तिचे सख्खे काका.

तारखांवर तिचा विश्वास नाही. पूर्वी शाळेत नाव घालायला नेलेल्या पोराची जन्मतारीख कुणाला सांगता आली नाही, की मास्तर १ जून टाकून मोकळे व्हायचे. त्यामुळे निम्मा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्मला. आत्याआजी माणसं लावते ती संकटांवर. धाकटी आत्या कोयनेची, म्हणजे डिसेंबर १९६७ ची. भूकंप झाला त्या पहाटे कुणी झोका न देता तिचा पाळणा हलत होता म्हणे. एक चुलतभाऊ मिलोचा. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो आली, त्या वर्षीचा. काळासावळा आहे, त्याचं खापरही ती त्या भाकऱ्यांवरच फोडते. मी जुलै १९७९ चा, म्हणून स्कायलॅब. "ते डोक्यावर पडणार म्हणून सगळे घाबरले होते. ते पडलं ऑस्ट्रेलियात, आणि आमच्या घरात हा," असं ती माझ्या सासऱ्यांना, पहिल्याच भेटीत, चहाची कपबशी पुढे करत म्हणाली होती.

धाकटे काका पानशेतचे. आता त्यांच्या दाखल्यावर १ जून १९६१. त्या हिशेबाने ३१ मे २०१९ ला ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. घरी शाल, श्रीफळ, पेढे झाले. आत्याआजीने पेढा हातातच धरून ठेवला.

"अरे, तू १ जूनचा कुठला? धरण फुटलं १२ जुलैला. नारायण पेठेत पाणी शिरलं तेव्हा वहिनीला आम्ही दोघांनी धरून माडीवर चढवली, तू पोटात. खाली पिठाचा डबा तरंगत होता. त्यानंतर तेराव्या दिवशी झालास."

"बरं मग, आत्या?"

"मग काय! दोन महिन्यांचा पगार गेला तुझा." एवढं बोलून तिने पेढा तोंडात टाकला. काकूंनी मात्र त्या रात्री जेवताना काकांना दुसऱ्यांदा भात वाढला नाही.

परक्या माणसालाही सुटका नाही. "मूळचे कुठले?" आणि "आईचं माहेर?" एवढ्या दोन प्रश्नांत ती नातं काढते. एकदा गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला पोरगा तिच्या मावसनणंदेच्या गावचा निघाला. तो लाडू खात बसला आणि खाली गल्लीभर लोक सिलिंडरची वाट बघत उभे राहिले.

मागच्या दिवाळीत कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचे फॉर्म आले. जुन्या आवृत्तीत तिच्या वडिलांच्या नावापुढे तिची नोंद फक्त 'कन्या १' एवढीच आहे. तिथे मात्र तिने पेन्सिल लावलेली नाही. या वेळी मुलींसाठीही पुरा रकाना आहे म्हटल्यावर तिने चष्मा पुसून घेतला. नाव लिहिलं, सासर लिहिलं, शिक्षण 'सातवी, पहिला नंबर' असं लिहिलं. जन्मतारखेपाशी हात थांबला.

"कुठल्या संकटातली गं तू?" मी विचारलं.

"दादाला ठाऊक होतं," ती म्हणाली. दादा म्हणजे माझे आजोबा. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली.

मग तिने ठळक अक्षरात लिहिलं, '१ जून'.

"पेनाने लिही ना, आजी. छापायला द्यायचंय."

"राहू दे पेन्सिलीतच," ती म्हणाली. "कुणाला खरी ठाऊक असली तर खोडायला बरी."